विश्लेषण : चार अँगस्ट्रॉमची कार्बन नळी पुस्तकातला नियम का मोडते?

कार्बनच्या अणूंचा एकेरी थर गुंडाळून केलेली नळी वीज वाहून नेईल की अडवेल, हे दोन आकड्यांच्या वजाबाकीवरून सांगता येते. १९९२ मध्ये मांडलेला हा नियम आज पदव्युत्तर भौतिकशास्त्राच्या पुस्तकांत असतो आणि मोठ्या व्यासाच्या नळ्यांना तो चांगला लागू पडतो. नळीचा व्यास ०.४ नॅनोमीटरच्या आसपास आला की मात्र तो चुकतो. ज्या नळीने वीज अडवायला हवी, ती गणनेत धातूसारखी वागते. असे का होते, इतकी बारीक नळी मुळात टिकते कशी, या शोधाशी मुंबईच्या प्रयोगशाळेचा आणि घरातल्या रॉकेल-कापराचा काय संबंध आणि महागडा सूक्ष्मदर्शक नसलेल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील विद्यार्थ्याला यात काय करता येईल, याचा हा आढावा.

कार्बन नॅनोट्यूब म्हणजे काय?

पेन्सिलीतले ग्रॅफाइट म्हणजे कार्बनच्या थरांची चवड. त्यातला एक थर वेगळा केला की ग्राफीन मिळते. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षटकोनांची ही जाळी फक्त एका अणूइतकी जाड असते. चटई गुंडाळावी तशी ही जाळी गुंडाळली आणि कडा एकमेकींना जोडल्या, की कार्बन नॅनोट्यूब तयार होते. प्रत्यक्षात कोणी थर गुंडाळत बसत नाही. कार्बनची वाफ किंवा कार्बन असलेला वायू योग्य तापमानाला आणि बहुधा लोह, निकेल, कोबाल्ट अशा धातूच्या कणांच्या सोबतीने आला, की नळी आपोआप वाढते. रचना समजून घ्यायला मात्र गुंडाळलेल्या चटईचे चित्र पुरते.

एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग आणि त्याचा दहावा भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम. माणसाचा केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो. नेहमीच्या एकभिंती नॅनोट्यूबचा व्यास एक ते दोन नॅनोमीटर असतो. अतिसूक्ष्म नळ्यांचा व्यास त्याहून बराच कमी, म्हणजे ०.३ ते ०.५ नॅनोमीटर. शेजारच्या दोन कार्बन अणूंमधले अंतर ०.१४२ नॅनोमीटर असते, हे लक्षात घेतले तर ही नळी किती अरुंद आहे ते कळते. ०.४ नॅनोमीटरच्या एका नळीच्या परिघावर जेमतेम पाच षटकोन बसतात.

दोन आकड्यांचा नियम कोणता?

नक्षीदार कापडाची बाही शिवताना शिवणीवर नक्षी जुळावी लागते. कापड थोडे सरकवून जोडले तर नक्षी बाहीभोवती तिरकी फिरते. षटकोनांची जाळी गुंडाळतानाही हेच घडते. जाळीच्या एका दिशेने किती पावले आणि दुसऱ्या दिशेने किती पावले जाऊन कडा जुळवायच्या, हे दोन पूर्णांकांनी सांगतात. (१०,०), (५,५), (४,२) अशी नळ्यांची नावे त्यातूनच येतात. दुसरा आकडा शून्य असेल तर ती ‘झिगझॅग’ नळी, दोन्ही आकडे सारखे असतील तर ‘आर्मचेअर’ आणि बाकीच्या पिळदार.

पहिल्या आकड्यातून दुसरा वजा करायचा. बाकीला तीनने पूर्ण भाग गेला तर नळी धातूसारखी वाहक, नाही गेला तर अर्धवाहक. यामागचे कारण असे. ग्राफीनमध्ये वीज वाहून नेण्याच्या कामी येणाऱ्या इलेक्ट्रॉन-अवस्था काही ठरावीक बिंदूंपाशीच असतात. थर गुंडाळला की इलेक्ट्रॉनच्या लहरीवर एक अट येते. परिघाभोवती फिरून मूळ जागी येताना ती लहर स्वतःशी नेमकी जुळली पाहिजे. त्यामुळे सगळ्या अवस्थांपैकी काही समांतर रेघांवरच्याच शिल्लक राहतात. त्यातली एखादी रेघ त्या ठरावीक बिंदूवरून गेली तर नळी वाहक होते. वजाबाकीला तीनने भाग जातो, तेव्हाच ती रेघ बिंदूवरून जाते.

या हिशेबाने साधारण एक तृतीयांश नळ्या धातूसारख्या आणि दोन तृतीयांश अर्धवाहक ठरतात. अर्धवाहकात भरलेल्या आणि रिकाम्या अवस्थांमध्ये ऊर्जेची फट असते. ती ओलांडायला इलेक्ट्रॉनला जादा ऊर्जा लागते. नॅनोट्यूबमध्ये ही फट व्यासाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. एक नॅनोमीटरच्या नळीत ती साधारण ०.८ इलेक्ट्रॉनव्होल्ट असते, तर सिलिकॉनमध्ये १.१. म्हणजे नळी जितकी बारीक तितकी फट मोठी.

जपानचे हमादा, सावादा आणि ओशियामा तसेच अमेरिकेतील दोन स्वतंत्र गटांनी १९९२ मध्ये हे भाकीत मांडले. प्रयोगातून ते सिद्ध व्हायला सहा वर्षे गेली. १९९८ मध्ये नेदरलँड्समधील डेल्फ्ट आणि अमेरिकेतील हार्वर्ड येथील गटांनी सूक्ष्म सुईच्या टोकाने एकेक नळी चाचपून तिची घडण आणि तिची वाहकता एकत्र मोजली. नियम बरोबर निघाला. पण त्यांनी मोजलेल्या नळ्या ०.४ नॅनोमीटरपेक्षा बऱ्याच जाड होत्या.

मग बारीक नळीत तो का चुकतो?

या नियमात एक गृहीतक दडलेले आहे. नळी झाली तरी तिची भिंत सपाट ग्राफीनसारखीच वागते, असे त्यात मानलेले असते. सपाट थरात कार्बनचे बंध दोन प्रकारचे असतात. एक थराच्या पातळीतले, अणूंना घट्ट धरून ठेवणारे ‘सिग्मा’ बंध. दुसरे थराच्या वर आणि खाली पसरलेले ‘पाय’ बंध, ज्यांतले इलेक्ट्रॉन वीज वाहून नेतात. थर सपाट असेपर्यंत हे दोघे एकमेकांत मिसळत नाहीत. त्यामुळे वाहकतेचा हिशेब करताना फक्त दुसऱ्या प्रकाराकडे पाहिले तरी चालते.

थर वाकवला की ही फारकत मोडते. आतल्या बाजूचे इलेक्ट्रॉन-ढग एकमेकांना चिकटतात, बाहेरच्या बाजूचे फाकतात आणि सिग्मा व पाय अवस्था मिसळू लागतात. दोन नॅनोमीटरच्या नळीत हे मिश्रण नगण्य असते. ०.४ नॅनोमीटरला ते मुख्य होते. रिकाम्या अवस्थांपैकी एका विशिष्ट अवस्थेची ऊर्जा वक्रतेमुळे घसरत जाते. नळी पुरेशी बारीक झाली की ती भरलेल्या अवस्थांच्या पातळीपर्यंत खाली येते आणि फट बुजते.

अमेरिकेतील बर्कले येथील ब्लाझ, बेनेडिक्ट, शर्ली आणि लुई यांनी १९९४ मध्ये गणनेतून हा परिणाम दाखवला. तोपर्यंत इतक्या बारीक नळ्या कोणी पाहिल्याही नव्हत्या.

(५,०) ही नळी याचे उत्तम उदाहरण आहे. पाचातून शून्य वजा केले की पाच उरतात, त्यांना तीनने भाग जात नाही. म्हणजे ती अर्धवाहक हवी. तिचा व्यास ०.३९ नॅनोमीटर असल्यामुळे नियमाप्रमाणे तिच्यातली फट सुमारे दोन इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे सिलिकॉनच्या जवळपास दुप्पट हवी. प्रत्यक्ष बंधांचा पूर्ण हिशेब केल्यावर ही फट शून्य निघते. (४,०) चेही तसेच. जवळपास त्याच व्यासाच्या (४,२) मध्ये फट राहते, पण नियम सांगतो त्यापेक्षा खूपच लहान. (३,३) मात्र नियमाप्रमाणेही धातू आणि गणनेतही धातूच. तिची सममिती तिला सांभाळते.

उलट बाजूचा पुरावा प्रयोगातूनही मिळाला आहे. (९,०), (१२,०), (१५,०) या नळ्या वजाबाकीच्या नियमाने पूर्ण धातू असायला हव्यात. २००१ मध्ये हार्वर्डच्या गटाने त्यांच्यात अनुक्रमे ०.०८, ०.०४२ आणि ०.०२९ इलेक्ट्रॉनव्होल्टची बारीक फट मोजली. नळी जाड होत गेली तशी फट घटत गेली. म्हणजे वक्रता कुठे फट बुजवते, तर कुठे नवी उघडते.

इतकी वाकलेली नळी टिकते कशी?

बांबूची कांब मोठ्या पाटीच्या काठाला सहज वळते. तीच कांब छोट्या परडीच्या काठाला वळवताना बुरडाला जोर लावावा लागतो आणि एका मर्यादेनंतर ती मोडते. ग्राफीनच्या थराचेही तसेच आहे. वाकवण्यासाठी लागणारी ऊर्जा व्यासाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढते. व्यास निम्मा केला की दर अणूमागचा ताण चौपट होतो. १.४ नॅनोमीटरच्या नळीत हा ताण दर अणूमागे सुमारे ०.०४ इलेक्ट्रॉनव्होल्ट असतो. ०.४ नॅनोमीटरला तो अर्ध्या इलेक्ट्रॉनव्होल्टच्या घरात जातो.

हा आकडा मोठा आहे, पण ग्रॅफाइटमध्ये प्रत्येक कार्बन अणू सुमारे ७.४ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेने बांधलेला असतो. त्यापुढे अर्धा इलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे नळी लगेच फुटावी इतका ताण नव्हे. शिवाय नळी उलगडायची तर तिच्या लांबीभर बंध तोडावे लागतात आणि उलगडलेल्या पट्टीच्या दोन्ही कडांवर अणूंचे हात मोकळे राहतात. मोकळ्या हातांची किंमत जबर असते. एका बाजूला वाकवण्याचा खर्च आणि दुसऱ्या बाजूला उघड्या कडांचा खर्च, असा हा ताळेबंद आहे. सावादा आणि हमादा यांनी १९९२ मध्ये तो मांडला, तेव्हा नळी आणि पट्टी यांची बरोबरी साधारण ०.४ नॅनोमीटरला होते असे दिसले. त्याच्या वर नळी फायद्याची, त्याच्या खाली पट्टी.

येथे ‘स्थिर’ या शब्दाचे दोन अर्थ वेगळे ठेवावे लागतात. अतिसूक्ष्म नळी ऊर्जेच्या हिशेबाने ग्रॅफाइटपेक्षा नेहमीच महाग असते. पण एकदा तयार झाली की मोडायला मोठा अडथळा पार करावा लागत असल्यामुळे ती टिकून राहू शकते. हिऱ्याचे उदाहरण सगळ्यांना माहीत असते. नेहमीच्या दाब-तापमानाला ग्रॅफाइट अधिक स्थिर असूनही हिरे आपोआप काळे पडत नाहीत. खरा प्रश्न म्हणूनच अशी नळी तयार कशी करायची आणि तिला आधार कुठे द्यायचा, हा आहे.

पुरावा कुठे मिळाला?

जपानच्या सुमिओ इजिमा यांनी १९९१ मध्ये ‘नेचर’मध्ये बहुभिंती नॅनोट्यूबचे वर्णन प्रसिद्ध केले आणि या क्षेत्राकडे जगाचे लक्ष गेले. त्याआधी १९५२ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञांनी आणि १९७६ मध्ये ओबरलिन, एंडो व कोयामा यांनी कार्बनच्या नळीसारख्या तंतूंची छायाचित्रे प्रसिद्ध केली होती. एकभिंती नळी १९९३ मध्ये सापडली.

०.४ नॅनोमीटरची नळी २००० साली सापडली आणि तीही एकाच वेळी दोन ठिकाणी. ‘नेचर’च्या नोव्हेंबरमधील एकाच अंकात दोन छोटे निबंध पाठोपाठ आले. पहिला जपानचा. किन, झाओ, हिराहारा, मियामोतो, आंदो आणि इजिमा यांना बहुभिंती नॅनोट्यूबच्या अगदी आतल्या गाभ्यात ०.४ नॅनोमीटरची नळी दिसली. म्हणजे बाहेरच्या नळ्यांनी आतल्या नळीला चौफेर आधार दिला होता. दुसरा हाँगकाँगचा. तेथील गटाने अ‍ॅल्युमिनियम आणि फॉस्फरसच्या एका सच्छिद्र स्फटिकाची मदत घेतली. त्याच्या सरळ बोळांचा व्यास ०.७३ नॅनोमीटर असतो. बोळात अडकलेले सेंद्रिय रेणू तापवून त्यातला कार्बन बोळातच जमवला. बोळाची भिंत आणि नळी यांच्यातले अणूंचे नेहमीचे अंतर वजा केले की आत साधारण ०.४ नॅनोमीटरच्या नळीलाच जागा उरते. साच्यानेच व्यास ठरवला.

याच वर्षी वीस कार्बन अणूंचा, फक्त पंचकोनांनी बनलेला सर्वांत छोटा फुलरीन गोळाही जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी वायुरूपात तयार करून दाखवला. त्या गोळ्याचा अर्धा भाग ०.४ नॅनोमीटरच्या नळीच्या तोंडावर टोपीसारखा नेमका बसतो.

२००४ मध्ये झाओ, आंदो आणि सहकाऱ्यांनी बहुभिंती नळीच्या आत ०.३ नॅनोमीटरची नळी आढळल्याचे ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये मांडले. मोकळ्यावर उभी असलेली नळी आणि आधारात दडलेली नळी यांची स्थिरता एकच समजू नये, हे या सगळ्या उदाहरणांतून दिसते.

मुंबईचा आणि रॉकेल-कापराचा संबंध काय?

वरच्या दोन्ही जपानी निबंधांत असलेली झाओ आणि आंदो ही नावे एका भारतीय निबंधातही भेटतात. योशिनोरी आंदो हे नागोयाच्या मेइजो विद्यापीठातले. इजिमा यांनी १९९१ मध्ये ज्यात नळ्या पाहिल्या, ती कार्बनची राळ आंदो यांच्या प्रयोगशाळेतून आली होती. १९९९ मध्ये ‘मटेरियल्स रिसर्च बुलेटिन’मध्ये बाजारातल्या साध्या रॉकेलपासून कार्बनचे वाहक तंतू, नॅनोट्यूब आणि पातळ थर बनवल्याचा निबंध आला. त्यावर मुकुल कुमार, किचंबरे, महेश्वर शेरॉन, आंदो आणि झाओ अशी नावे होती. शेरॉन हे आयआयटी मुंबईतले रसायनशास्त्रज्ञ. स्वस्त आणि सहज मिळणाऱ्या पदार्थांपासून कार्बनची नवी रूपे मिळवणे, हा त्यांच्या गटाच्या कामाचा गाभा होता.

त्यातला दुसरा पदार्थ म्हणजे कापूर. कापराच्या रेणूत कार्बनचे दहा, हायड्रोजनचे सोळा आणि ऑक्सिजनचा एक अणू असतो. तो चटकन वाफ होतो आणि त्यात कार्बन भरपूर असतो. २००२ मध्ये शेरॉन यांनी कापरापासूनच्या नॅनोट्यूब लिथियम बॅटरीत वापरून पाहिल्याचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात नोबेल विजेते हॅरी क्रोटो सहलेखक होते. मुकुल कुमार यांनी पुढे नागोयात आंदो यांच्यासोबत कापरापासून एकभिंती आणि बहुभिंती अशा दोन्ही प्रकारच्या नळ्या बनवल्या.

आरतीच्या तबकात जळणाऱ्या कापराची काजळी म्हणजे नॅनोट्यूब नव्हे, हेही सांगायला हवे. प्रयोगात कापराची वाफ हवा काढलेल्या नळीभट्टीत, निष्क्रिय वायूच्या प्रवाहात, धातूच्या उत्प्रेरकासह शेकडो अंश तापमानाला विघटित करतात. त्यातून मिळणाऱ्या नळ्याही चार अँगस्ट्रॉमच्या नसतात, त्या बऱ्याच जाड असतात. मुंबईच्या कामाचा धडा वेगळा आहे. जगातली सर्वांत बारीक नळी पाहणाऱ्या शास्त्रज्ञांसोबत रॉकेल आणि कापूर हाताळणारी भारतीय प्रयोगशाळा बरोबरीने काम करू शकली, कारण तिने निवडलेला प्रश्न तिच्या साधनांना साजेसा होता.

अतिसंवाहकतेचा दावा काय आहे?

२००१ मध्ये हाँगकाँगच्या गटाने ‘सायन्स’मध्ये लिहिले की स्फटिकाच्या बोळांतल्या चार अँगस्ट्रॉमच्या नळ्या सुमारे १५ केल्व्हिनच्या खाली, म्हणजे उणे २५८ अंश सेल्सियसच्या आसपास, अतिसंवाहकतेची लक्षणे दाखवतात. अतिसंवाहकात विजेला विरोध उरत नाही. एकाच मितीत पसरलेल्या इतक्या बारीक वस्तूत असे व्हावे, याने खळबळ उडाली.

त्याला विरोध करणारा परिणामही प्रबळ आहे. एका सरळ रेषेत मांडलेल्या धातूत अणू किंचित सरकून जोड्या लावतात आणि फट उघडते. याला पायर्ल्स विकृती म्हणतात. २००४ आणि २००५ मधील दोन युरोपीय गणनांनी दाखवले की (३,३) आणि (५,०) या नळ्यांत ही विकृती नेहमीच्या अपेक्षेपेक्षा बऱ्याच जास्त तापमानाला येऊ शकते. असे झाले तर धातू धातू राहत नाही. म्हणजे वक्रतेने बुजवलेली फट अणूंच्या हालचालीने पुन्हा उघडू शकते. बोळाच्या भिंतीचा आधार या सरकण्याला किती रोखतो, यावर निकाल अवलंबून राहतो.

अहिल्यानगरच्या महाविद्यालयात काय करता येईल?

अणू दाखवणारा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक कोट्यवधींचा असतो. जिल्ह्यातल्या महाविद्यालयाने तो घेण्याची अपेक्षा कोणी करत नाही. अहमदनगर महाविद्यालय १९४७ पासून उभे आहे. संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगाव, लोणी येथेही वरिष्ठ महाविद्यालये आहेत. ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी जोडलेली आहेत आणि नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदव्युत्तर अभ्यासक्रमात संशोधन प्रकल्पाला श्रेयांक आहेत. अडचण प्रकल्पाचा विषय निवडताना येते. उपकरण नाही म्हणून तीच जुनी मोजमापे दरवर्षी पुन्हा होण्याचा धोका असतो.

अतिसूक्ष्म नळ्या इथे सोयीच्या ठरतात, कारण त्या खरोखरच लहान आहेत. नळीचा जो तुकडा पुन्हा पुन्हा येतो, तेवढ्याचीच गणना करावी लागते. (२,२) मध्ये त्या तुकड्यात ८ अणू असतात, (३,३) मध्ये १२, (४,०) मध्ये १६, (५,०) मध्ये २०. पिळदार (४,२) मध्ये ५६. तुलनेसाठी घ्यायच्या (१०,०) मध्ये ४०. यासाठी वापरली जाणारी डेन्सिटी फंक्शनल थिअरी ही पद्धत वॉल्टर कोन यांना १९९८ चे रसायनशास्त्राचे नोबेल देऊन गेली. ती चालवणारे ‘क्वांटम एस्प्रेसो’ हे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. वीस अणूंची गणना महाविद्यालयातल्या चांगल्या संगणकावर काही तासांत होऊ शकते.

काम ढोबळमानाने असे असते. नळीचे अणू मांडायचे, भोवती किमान एक नॅनोमीटर मोकळी जागा सोडायची, म्हणजे शेजारच्या काल्पनिक नळीचा प्रभाव पडत नाही. मग अणूंना त्यांच्या सोयीच्या जागी बसू द्यायचे. दर अणूमागची ऊर्जा ग्राफीनशी ताडून पाहायची, की वाकवण्याचा ताण मिळतो. शेवटी इलेक्ट्रॉनच्या अवस्थांचा आलेख काढून फट आहे की नाही ते पाहायचे. आधी (१०,०) करावी. तिथे नियमाप्रमाणे फट मिळाली, तर मांडणी बरोबर आहे असा भरवसा येतो. मग (५,०) कडे वळावे. वजाबाकीचा नियम आपल्याच संगणकावर मोडताना दिसतो.

गणना कुठे फसवते?

स्वस्त साधनाला शिस्त जास्त लागते. पहिली अडचण अशी की या पद्धतीचे नेहमीचे रूप फट खऱ्यापेक्षा कमी दाखवते. (४,२) ची लहानशी फट म्हणूनच अंतिम आकडा मानू नये. फट ‘आहे’ हे सांगणे आणि ती ‘इतकी आहे’ हे सांगणे, यात फरक ठेवावा.

दुसरी अडचण पायर्ल्स विकृतीची. एकच तुकडा घेऊन गणना केली तर प्रत्येक तुकडा शेजाऱ्यासारखाच वागतो, असे आपण नकळत गृहीत धरतो. अणूंनी जोड्या लावायच्या तर दोन-तीन किंवा अधिक तुकड्यांची एकत्र मांडणी हवी. तसे न करता ‘(५,०) धातू आहे’ असे लिहिले तर ते अर्धेच खरे असते.

तिसरी अडचण आधाराची. गणनेतली नळी पोकळीत एकटी असते, तर प्रयोगातल्या बहुतेक अतिसूक्ष्म नळ्या मोठ्या नळीत किंवा स्फटिकाच्या बोळात होत्या. दोन्हींच्या ऊर्जा थेट ताडून पाहता येत नाहीत. जास्त अणूंची गणना करायची वेळ आली तर मोठा संगणक लागतो. पहिला भारतीय महासंगणक ‘परम ८०००’ ज्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये तयार झाला, ते पुणे अहिल्यानगरहून सुमारे १२० किलोमीटरवर आहे. योगायोगाने ‘परम’ आणि इजिमा यांचा निबंध दोन्ही १९९१ चे.

याचा उपयोग काय?

नॅनोट्यूबपासून ट्रान्झिस्टर बनवण्याचे प्रयत्न १९९८ पासून चालू आहेत. २०१३ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने १७८ ट्रान्झिस्टरांचा साधा संगणक दाखवला. २०१९ मध्ये एमआयटीच्या गटाने १४ हजारांहून अधिक ट्रान्झिस्टरांचा प्रोसेसर दाखवला. या मार्गातला मोठा अडसर तोच तीनचा नियम आहे. अर्धवाहक नळ्यांच्या गठ्ठ्यात एक धातूची नळी आली तरी तो ट्रान्झिस्टर बंद होत नाही. नळीची घडण पाहून तिची वाहकता आधीच अचूक सांगता येणे, म्हणून मोलाचे आहे.

त्या यंत्रांत चार अँगस्ट्रॉमच्या नळ्या नाहीत आणि नजीकच्या काळात येतील असेही दिसत नाही. त्यांचे मोल वेगळे आहे. वस्तू लहान होत गेली की सोपे सूत्र नेमके कोणत्या टप्प्याला सोडून द्यावे लागते, ते या नळ्या दाखवतात. ट्रान्झिस्टर, बॅटरी, संवेदक यांचे भाग अणूंच्या मोजणीत येऊ लागले असताना हा टप्पा ओळखणे नुसते पुस्तकी राहिलेले नाही.

प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्याने त्यामुळे आकड्यांसोबत चार गोष्टी लिहाव्यात. नळीचा व्यास किती, एका मांडणीत किती तुकडे घेतले, फट मोजायला कोणती पद्धत वापरली आणि नळी मोकळी होती की आधारात. एवढे लिहिलेले काम दुसऱ्या कोणालाही तपासता येते. विज्ञानात नगरच्या संगणकावरचा आकडा आणि नागोयाच्या सूक्ष्मदर्शकातली नळी एकाच चर्चेत येतात, त्या याच वाटेने.